नगरसेवकाच्या पत्राशिवाय काहीच होत नाही म्हणे!

'आपल्या नगरसेवकाला ओळखा' हा मेसेज तुमच्याही सोसायटीच्या ग्रुपवर येऊन गेला असेल, हात जोडलेला फोटो, गुलाबाची फुलं, खाली पाच मुद्दे आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'. एरवी मी असलं काही उघडत पण नाही. पण काका गेल्यावर मिळकतकराच्या बिलावर स्वतःचं नाव लावायचं म्हणून माझी मावशी तीन महिने नगरसेवकाच्या जनसंपर्क कार्यालयात खेटे घालतेय, साहेबांचं पत्र मिळावं म्हणून, साहेब कधी लग्नाला गेलेत कधी मीटिंगला. मी विचारलं पत्र कशाला लागतं, तर तिने मला हा मेसेज फॉरवर्ड केला! पुरावा म्हणून!

तर आधी त्यातला दोन नंबरचा मुद्दा, कारण मावशीचे तीन महिने त्यानेच खाल्ले. 'नगरसेवकाच्या पत्राशिवाय पालिकेत दाखला, नळजोडणी, नावाची नोंद काहीही होत नाही.' साफ खोटं. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. जन्म-मृत्यूचा दाखला, नळजोडणी, वारसाहक्काने मालमत्तेवर नाव लावणं या सगळ्या त्याखाली अधिसूचित सेवा आहेत, म्हणजे प्रत्येक कामाला ठरलेली मुदत आणि ते करून द्यायला ठरलेला अधिकारी. अर्ज दिला की पोच द्यायलाच लागते. नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यायचं. मुदतीत काम झालं नाही तर तिथेच पहिलं अपील, मग दुसरं, त्याच्यावर सेवा हक्क आयोग, आणि विनाकारण अडवलं असं ठरलं तर त्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. यात नगरसेवकाच्या पत्राला जागाच नाहीये कुठे.

आणि कायदा राहू द्या बाजूला, साधं आठवून बघा. मुंबई, पुणे या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं एकही नगरसेवक नव्हता, प्रशासक होता. त्या काळात जन्मलेल्या पोरांना काय दाखलेच नाहीत का?

हां, एक मान्य करतो, नाइलाजाने. फोन गेला की टेबल हलतं. तुंबलेलं ड्रेनेज आपण दहा तक्रारी करून निघत नाही ते नगरसेवकाच्या एका फोनने निघतं, आणि त्या चार वर्षांत रस्ते खोदून ठेवले तेव्हा ओरडायचं कोणाकडे हेच लोकांना कळत नव्हतं. तेवढी गरज आहेच. पण अडलेल्या कामाला धक्का देणं वेगळं आणि तुमच्या हक्काचं काम स्वतःच्या लेटरहेडवर मेहेरबानी म्हणून वाटणं वेगळं.

मुद्दा एक, 'रस्ते, दिवे, बाकडी ते स्वतःच्या निधीतून देतात.' निधी पालिकेच्या बजेटमधला, म्हणजे तुमच्या-माझ्या कराचा. नगरसेवक काम सुचवतो, टेंडर-बिलं प्रशासन करतं, कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्तांकडेच आहेत. उलट पालिकेच्या कंत्राटात नगरसेवकाची स्वतःची भागीदारी निघाली तर पद जाऊ शकतं. पुण्यासारख्या चार नगरसेवकांच्या प्रभागात तर एका बाकड्यावर चौघांची नावं, बसणाऱ्याने पाठ कुठे टेकायची?

मुद्दा तीन, 'मत कोणाला दिलं ते मशीनवरून कळतं, कमी मतं पडली त्या सोसायटीचं पाणी बंद.' तुमचं एकट्याचं मत कळत नाही. बूथप्रमाणे आकडे कळतात, तेवढं अर्धसत्य, आणि धमकी त्याच्याच जोरावर चालते. पण मतदाराला असं धमकावणं हा भारतीय न्याय संहितेतला गुन्हा आहे आणि महापालिकेच्या निवडणुकीलाही तो लागू आहे. असला मेसेज हौसेने पुढे ढकलणारे फुकटात धमकी पोचवतायत एवढं तरी कळू दे.

चार, 'एक रुपया न घेता सेवा.' मानधन मिळतं. फार नाही, पण मिळतं. पुढे.

पाचवा मुद्दा लोकांना शहाणपणाचा वाटतो, 'विचारधारा दिल्लीत बघा, गल्लीत कामाचा माणूस बघा.' अहो, करवाढ करायची का, फेरीवाल्यांना जागा द्यायची का, पालिकेच्या शाळा चालवायच्या की बंद करायच्या, याच्यावर हात वर करायला विचार लागत नाही? आणि तुमचा कामाचा माणूस पक्षाच्या तिकिटावर आलाय, म्हणजे सभागृहात व्हिप, म्हणजे अमुकच मत द्या असा पक्षाचा आदेश, निघाला की त्याला तसंच मत द्यावं लागतं, नाहीतर १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याने नगरसेवकपद धोक्यात. मग पक्ष बघू नका कसं म्हणता? त्यांचा कार्यअहवाल काढून बघा, गुळगुळीत कागदावर हळदीकुंकू, वह्यावाटप, आरोग्य शिबिर, प्रत्येक पानावर सत्कार. वाईट काही नाही त्यात. पण पाच वर्षांत सभागृहात प्रश्न किती विचारले, बजेटवर काय बोलले, कोणत्या ठरावाला विरोध केला, याला अर्धं पान पण नाही. मी आमच्या वॉर्डापुरतं माहिती अधिकारात सभांची इतिवृत्तं मागणार आहे, अर्जाची फी १० रुपये, त्यापेक्षा महाग तर त्यांचा एक फ्लेक्स पडतो.

मावशीला सोमवारी घेऊन गेलो. मृत्यूचा दाखला, वारसाची कागदपत्रं, अर्ज, वीस मिनिटं रांगेत. खिडकीवरच्या बाईंनी पत्राबद्दल विचारलंसुद्धा नाही. पोच मिळाली, तारखेसकट. मावशीने त्या पोचेचा फोटो काढून त्याच ग्रुपवर टाकलाय, अजून कोणी साधा अंगठा पण दाखवलेला नाही.