अडेनियम सडल्याच्या तक्रारीला आमच्या नर्सरीचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. जूनमध्ये आमच्याकडून नेलेलं अडेनियम (फुगीर बुंध्याचं फुलझाड) ऑगस्टमध्ये बुंध्यातून पिचपिचीत झालं. 'वाळवंटातलं झाड, सहज जगतं' एवढंच काउंटरवर सांगितलं होतं. एक दिवसाआड कपभरच पाणी घालूनही ते गेलं, आणि पैसे परत मागितले तर नकार मिळाला. शिवाय गेल्या वर्षीच्या तिहेरी लाल फुलांच्या झाडाला आता साधी गुलाबी फुलं येतात.

रोप सडलं यात चूक आमची आहे. वाहतुकीला हलकं म्हणून ते कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात होतं, आणि पावसाळ्याच्या तोंडावर माती न बदलता आम्ही ते तुमच्या हाती दिलं. 'पाणी कमी घाला' या सल्ल्याला मुंबईत अर्थ नाही. इथे एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि हवा सतत दमट. पाऊस थेट लागला नाही तरी कोकोपीट आठवडाभर ओलं राहतं, त्यात तुमचा दर दोन दिवसांचा कप. अडेनियम मूळचं आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला असलेल्या साहेल पट्ट्यातलं आणि दक्षिण अरबस्तानातलं. पाऊस तिथेही पडतो, पण खडकाळ जमिनीतून चटकन निचरून जातो. फुगीर बुंध्यात पाणी आधीच साठलेलं असतं, त्यामुळे कोरडं चालतं. ओल्यात मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कूज खालून वर बुंध्यात चढते.

म्हणून यापुढे कुंडी अशी भरा: दोन भाग हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे किंवा सिंडर (जळक्या कोळशाचे खडे), एक भाग जाड वाळू, एक भाग चाळलेलं गांडूळखत. विटांची भुकटी चाळून टाकायची, नाहीतर तीच खाली बसून भोक बुजवते. वाळू खाडीची नको, तिच्यात मीठ असतं. भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं की ते लगेच खालून निघालं पाहिजे. कुंडीखालची ताटली काढून टाका आणि कुंडी दोन विटांवर ठेवा. पावसाळ्यात ती ग्रीलमध्ये अगदी बाहेर नको, छपराखाली पण भरपूर उजेडात हवी. वरची दोन इंच माती पूर्ण कोरडी झाल्यावरच पाणी. जुलै-ऑगस्टमध्ये ते दहा-बारा दिवसांनी एकदा येतं, एप्रिल-मेच्या कडक उन्हात मात्र याच मिश्रणाला रोजही लागू शकतं. खत पावसाळ्यात बंद. मार्च ते मे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) लिटरभर पाण्याला १ ग्रॅम, पंधरा दिवसांनी. ऊन किमान पाच तास मिळालं नाही तर फांद्या लांबट होतात आणि कळ्या धरत नाहीत. त्यावर खत हा उपाय नाही.

बुंधा मऊ लागला की घाबरून पाणी घालू नका. तहानलेला बुंधा सगळीकडून सारखा मऊ आणि सुरकुतलेला असतो. कुजलेला एकाच जागी दबतो, तिथे तपकिरी ओल आणि वास येतो. कूज असेल तर त्याच दिवशी झाड उपटून मुळं धुवा आणि आत पांढरा, निर्मळ गर दिसेपर्यंत कापत जा. तपकिरी ठिपका एक जरी राहिला तरी कूज परत वाढते. दर कापाआधी पातं स्पिरिटने पुसा. कापावर कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची पूड लावा, झाड सावलीत पंख्याखाली उलटं टांगा. दमट हवेत जखम सुकायला दहा दिवसही लागतात. मग कोरड्या मिश्रणात लावून आठवड्याने पहिलं पाणी. हातमोजे घालाच: चीक विषारी आहे, डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि मुलं, मांजरं दूर ठेवा.

फुलांबद्दल मात्र रंग बदललेला नाही. ते झाड कलमी आहे. साध्या गुलाबी फुलांच्या खुंटावर (मुळाकडच्या रोपावर) लाल जातीच्या काड्या बांधलेल्या असतात आणि जोडाखालून फुटवे आले की ते जोरात वाढून कलमाचं अन्न खातात. जोडाची गाठ शोधा, तिच्याखालचा प्रत्येक फुटवा बुडातून काढा. वरची काडी जिवंत असेल तर लाल फुलं पुन्हा येतील. मेली असेल तर झाड घेऊन या, कोरड्या हवेत, फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाचर कलम विनामूल्य करून देऊ.

सडलेल्या रोपाचे पूर्ण पैसे परत मिळतील, किंवा वरच्या मिश्रणात लावलेलं दुसरं रोप. बिल नसलं तरी चालेल, कुंडीचा फोटो पुरे. बुंध्याचा थोडा भाग अजून टणक असेल तर तो टाकू नका, सोबत आणा. कापून पाहू, वाचण्यासारखा असला तर वाचवू.