नोबेलविजेतीचं पान आणि विकिपीडियावरचे आरोप

विकिपीडियावरून कुणाचं पान काढलं गेलं की एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. त्याचा सारांश असा : डोना स्ट्रिकलंड यांना २०१८ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, पण त्याआधी ‘ही बाई तेवढी मोठी नाही’ म्हणून विकिपीडियाने त्यांचं पान उडवलं होतं. तिथल्या लोकांना कर्तृत्व कळत नाही. ज्याच्याकडे फॉलोअर आणि पैसा, त्याचंच पान टिकतं. आणि मराठी माणसाला तर तिथे थाराच नाही. मी मराठी विकिपीडियावर लिहिते, आणि हा मजकूर मला तिथल्या लेखांसोबतच्या चर्चापानांवरसुद्धा चिकटवलेला दिसतो. त्यात एक खरी जखम आहे, म्हणून तो इतका पसरतो. बाकीचा बराच भाग चुकीचा आहे, आणि ज्यांचं पान खरोखर व्हायला हवं, त्यांचंच त्या चुकीने नुकसान होतं.

स्ट्रिकलंड यांच्यापासून सुरुवात करते, कारण सगळा डोलारा त्यांच्या नावावर उभा आहे. मे २०१८ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्याविषयीचा एक कच्चा मसुदा तपासायला आला आणि तपासणाऱ्या स्वयंसेवकाने तो परत पाठवला. जोडलेल्या संदर्भांवरून ही व्यक्ती लेखासाठी पात्र असल्याचं दिसत नाही, असा शेऱ्याचा आशय होता. त्यांच्या संशोधनाबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. मसुद्यातले संदर्भ मोजके होते, आणि तेही मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या संस्थांचेच. परत आलेला मसुदा सुधारून पुन्हा पाठवता येतो. तसा तो कुणी पाठवला नाही, आणि २ ऑक्टोबरला नोबेल जाहीर झालं त्या दिवशी पान झालं. त्यांचे सहविजेते जेरार मुरू यांचं पान मात्र २००५ पासून होतं.

तरीही तपासणाऱ्याची चूक झालीच. संशोधकांसाठी इंग्रजी विकिपीडियाचा वेगळा निकष आहे. त्यांच्यावर वर्तमानपत्रात लेख यावेत अशी अट तिथे नाही. नामांकित विद्वत्संस्थेने फेलो म्हणून निवडलं असेल, किंवा अशा संस्थेचं अध्यक्षपद भूषवलं असेल, तर तेवढ्यावर पान होऊ शकतं. स्ट्रिकलंड २००८ मध्ये ऑप्टिकल सोसायटी या प्रकाशविज्ञानाच्या संस्थेच्या फेलो (सन्मान म्हणून निवडलेल्या सदस्य) झाल्या आणि २०१३ मध्ये तिच्या अध्यक्ष होत्या. लेसरचा स्पंद (क्षणभराचा झोत) आधी ताणायचा, मग त्याची ताकद वाढवायची आणि शेवटी तो पुन्हा आवळायचा, ही त्यांची आणि मुरूंची पद्धत १९८५ च्या शोधनिबंधातून जगापुढे आली होती. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेतल्या लेसरपर्यंत तिचा वापर पोचला होता. म्हणजे नियम नीट लावला असता तर मसुदा मान्य झाला असता. या प्रकरणातून ‘नियमच कुचकामी आहेत’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे गाडी उलटी हाकणं आहे.

दुसरा मुद्दा : ‘माणूस कर्तृत्ववान आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे, मग संदर्भ कशाला हवेत?’ हा प्रश्न बहुतेकदा प्रेमापोटी विचारला जातो. एखाद्या शाळेसाठी चाळीस वर्षं झिजलेल्या बाईंबद्दल कुणी पान लिहितं आणि त्याला पानकाढा साचा (हे पान काढावं, असं सुचवणारी पट्टी) लागतो, तेव्हा लिहिणाऱ्याचं मन दुखावतंच. पण तिथे बाईंची किंमत ठरत नसते. त्यांच्याशी नातं किंवा हितसंबंध नसलेल्या कुणी, चार डोळ्यांखालून गेलेल्या प्रकाशनात, दोन ओळींपेक्षा जास्त लिहिलं आहे का, एवढंच पाहिलं जातं. तसं लिखाण नसेल तर विकिपीडियाच्या लेखकाने जन्मसाल कुठून घ्यायचं? वाद झाला तर कोणतं वाक्य ठेवायचं?

याची किंमत काय असते ते जॉन सीगेनथालर यांना २००५ मध्ये कळलं. हे अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार, एकेकाळी रॉबर्ट केनेडींचे सहायक. मे महिन्यात कुणीतरी निनावी माणसाने त्यांच्या नावाचं पान केलं आणि केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांचा हात असल्याचा संशय होता, असं त्यात लिहून टाकलं. मजकूर धादांत खोटा होता, संदर्भ एकही नव्हता, आणि तो सुमारे चार महिने तसाच राहिला. त्यानंतर डिसेंबरात इंग्रजी विकिपीडियाने नोंदणी नसलेल्यांना नवी पानं करायची मुभा काढून घेतली. जिवंत माणसांच्या चरित्रांबाबतचे कडक नियमही याच प्रकरणानंतर आले. आज ज्या कडकपणाचा राग येतो तो तेव्हापासूनचा आहे. ज्या पानावर आपल्या माणसाचं कौतुक बिनसंदर्भ लिहिता येतं, त्याच पानावर उद्या त्याची बदनामीही बिनसंदर्भ लिहिता येते.

फॉलोअर आणि पुरस्कारांचं थोडक्यात सांगते. फॉलोअरचा आकडा निकषात बसत नाही. तो विकत मिळतो, आणि त्यावरून लेखात लिहायला काहीच हाती लागत नाही. पुरस्कार कुणी दिला ते पाहिलं जातं. साहित्य अकादमी पुरस्काराचं वजन वेगळं, आणि प्रवेश शुल्क भरून मिळालेल्या सन्मानचिन्हाचं वेगळं. वर्तमानपत्राच्या जाहिरात पुरवणीतला पैसे देऊन छापून आणलेला ‘परिचय’ वर्तमानपत्रात असला तरी स्वतंत्र ठरत नाही. कार्यक्रमाचं प्रसिद्धिपत्रक चार दैनिकांत शब्दशः छापून आलं तर तो चार नव्हे, एकच संदर्भ असतो, आणि तोही आयोजकाचा.

‘पैसे टाकले की पान होतं’ हा आरोप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा, कारण असे धंदे खरोखर चालतात. २०१५ च्या ऑगस्टअखेरीस इंग्रजी विकिपीडियाने एक टोळी उघडी पाडली. ३८१ खाती बंद केली, २१० लेख काढले. ज्यांचे मसुदे नाकारले गेले होते अशा छोट्या व्यावसायिकांना आणि कलाकारांना ही माणसं हेरायची, विकिपीडियाचे जुने संपादक असल्याची बतावणी करायची, पैसे घेऊन पान करून द्यायची, आणि नंतर पान ‘सांभाळण्याचे’ महिन्याचे पैसे मागायची. पैसे देणाऱ्यांची पानंही गेली आणि पैसेही. पैसे घेऊन लिहायला सरसकट बंदी नाही, पण कुणाकडून पैसे घेतले ते जाहीर करण्याची अट विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेने २०१४ मध्ये घातली आहे. तेव्हा ‘विकिपीडिया पान हमखास’ असा निरोप आला तर समोरच्याकडे काहीही अधिकार नाही, एवढं पक्कं समजा. लेख ठेवायचा की काढायचा याचा निर्णय चर्चेतून आणि प्रचालकांकडून (पान काढण्याचा अधिकार असलेल्या सदस्यांकडून) होतो, आणि त्या चर्चा सगळ्यांना वाचता येतात.

आता मराठीबद्दल. प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपले निकष आपण ठरवतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, आणि त्याचे निर्णय त्याच्या चावडीवर (सगळ्या सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर) आणि चर्चापानांवर मराठीतच होतात. संदर्भ इंग्रजीच हवा किंवा इंटरनेटवरच हवा असा नियम नाही, इंग्रजी विकिपीडियावरसुद्धा नाही. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांच्या १९४६ च्या अर्वाचीन चरित्रकोशातली नोंद चालते. विश्वकोशातली चालते. जुन्या मासिकातलं सविस्तर परीक्षण, दैनिकातला सहीनिशी लिहिलेला मृत्युलेख, हे सगळं चालतं. लेखाचं नाव, लेखक, अंक, तारीख आणि पान क्रमांक द्यायचा, बस. आपल्याकडे गाडी अडते ती इथेच. कात्रण घरात फाइलीत लावलेलं असतं, पण त्यावरची तारीख आणि दैनिकाचं नाव कापताना गेलेलं असतं. मग जिल्ह्याच्या ग्रंथालयात जाऊन बांधीव खंड चाळण्याला पर्याय नसतो. ते काम कष्टाचं आहे, पण त्यातून उभं राहिलेलं पान सहसा कुणी हलवत नाही.

उरली ती जखम. स्वतंत्र लिखाण हाच निकष धरला, तर ज्यांच्याबद्दल लिहिलंच गेलं नाही ते बाहेर राहतात, आणि कुणाबद्दल लिहायचं हे समाजाने आधीच ठरवलेलं असतं. समाजशास्त्रज्ञ फ्रान्सेस्का ट्रिपोडी यांनी २०२१ मध्ये इंग्रजी विकिपीडियाचा अभ्यास प्रसिद्ध केला. चरित्रलेखांत स्त्रियांचा वाटा १९ टक्क्यांहून कमी, पण काढून टाकण्यासाठी सुचवलेल्या चरित्रांत तो २५ टक्क्यांहून जास्त होता. म्हणजे दोष फक्त बाहेरच्या लिखाणात नाही, संपादकांच्या नजरेतही आहे. स्ट्रिकलंड यांच्या मसुद्याचं जे झालं ते याच नजरेतून झालं असं मला वाटतं, आणि हे मी मराठी विकिपीडियाच्या चावडीवरही मांडत आले आहे. साचा लावण्याआधी लावणाऱ्याने स्वतः संदर्भ शोधून पाहावेत, हा माझा आग्रह आहे.

पण त्यावर उपाय निकष मोडण्याचा नाही. क्लॅरिस फेल्प्स यांचं उदाहरण घ्या. टेनेसिन या ११७ व्या मूलद्रव्याच्या शोधासाठी लागणारं बर्केलियम हे मूलद्रव्य शुद्ध करणाऱ्या, अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या चमूत त्या होत्या. त्यांचं पान २०१९ मध्ये वादावादीनंतर काढलं गेलं. पुढच्या काळात त्यांच्याबद्दल बाहेर लिहिलं गेलं, आणि २०२० मध्ये पान परत आलं. आपल्याकडे तमाशातल्या, भजनी मंडळांतल्या, आदिवासी पाड्यांवरच्या, प्रयोगशाळांतल्या किती बायकांबद्दल कुणी एक सविस्तर लेख लिहिला आहे? मुलाखत घ्या, तारखा तपासा, दिवाळी अंकाला नाहीतर दैनिकाच्या पुरवणीला द्या. तो छापून आला की त्यावर पान लिहायला आम्ही आहोत.

आणि ती बाई तुमची आई किंवा गुरू असेल, तर पान स्वतः करू नका. नातं उघड सांगून, संदर्भांची यादी जोडून चावडीवर मागणी टाका.