मेजर, आर्मी बरी का नेव्ही?

परवा संध्याकाळी आमच्या आळीतला एक पोरगा मोबाईल घेऊन ओट्यावर येऊन बसला. बारावी सायन्स झालाय, घरात दीड एकर ऊस, आणि अग्निवीरचा फॉर्म भरायचाय. म्हणाला, "मेजर, खरं सांगा. आर्मी बरी, नेव्ही बरी का एअरफोर्स?"

(मी हवालदार म्हणून पेन्शनला आलो. पण आमच्या गडहिंग्लज भागात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो, आता सोडून दिलंय.)

मी विचारलं, तुला काय वाटतं? त्यानं तीन रील दाखवल्या. एकात काळं फडकं बांधलेला कमांडो हेलिकॉप्टरमधून दोरीनं उतरतोय. दुसऱ्यात पांढऱ्या कपड्यातले नौसैनिक जहाजाच्या कठड्याला रांगेत उभे. तिसऱ्यात फायटर विमान उलटं होऊन ढगात जातंय. मी म्हटलं, बाळा, ह्या तिसऱ्या रीलमध्ये तू कुठं आहेस? तो म्हणाला, विमानात. मी म्हटलं, नाहीस. विमान अधिकारी उडवतो. तू ह्या फॉर्मवरनं गेलास तर तू धावपट्टीच्या कडेला असशील, हातात पाना आणि अंगाला तेलाचा वास. ते काम लहान नाही, त्या पान्यावर पायलटचा जीव असतो. पण ते काम तुला आवडेल का, हा प्रश्न आहे.

त्याच्याशी जे बोललो तेच इथं लिहितोय, कारण दर महिन्याला कुणीतरी हेच विचारायला येतं.

आधी माझं सांगतो. १९९२ साली कोल्हापूरच्या भरतीत मी उभा राहिलो तेव्हा डोक्यात एकच होतं, मराठा पलटण, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री. चुलता मराठ्यात होता, बेळगावच्या सेंटरचे फोटो घरात भिंतीवर होते. सोबत गावचा एक दोस्त होता. दोघंही पळालो, दोघंही निघालो, आणि चिठ्ठी आली तेव्हा त्याला मराठा आणि मला बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, खडकी. मी पार हिरमुसलो. गावात मात्र वेगळीच बातमी पोचली, की ह्याचं पोरगं बारावी न होता इंजिनिअर झालं. आजी मरेपर्यंत लोकांना तेच सांगत होती.

खडकीत उस्तादानं पहिल्याच आठवड्यात हातात फावडं दिलं. सॅपरचं, म्हणजे इंजिनिअर पलटणीतल्या जवानाचं, काम म्हणजे रस्ता, पूल, पाणी, सुरुंग. सुरुंग पेरायचे आणि काढायचेही. मला ट्रेड मिळाला डोझर आणि एक्स्कॅव्हेटर चालवायचा. दोन वर्षं मला वाटत राहिलं की खरी फौज तिकडं आहे आणि मी इथं माती ओढतोय. मग एका ज्येष्ठ साहेबांनी रामा राघोबा राणे यांची गोष्ट सांगितली. कारवारकडचा माणूस, १९४० साली साधा शिपाई म्हणून भरती झालेला, आमच्याच बॉम्बे सॅपर्सचा. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडं निघालेल्या रणगाड्यांची वाट सुरुंगांनी आणि आडव्या पाडलेल्या झाडांनी अडवलेली. वरनं गोळीबार. हा माणूस रणगाड्याच्या पोटाखाली रांगत, दोरीनं ड्रायव्हरला इशारे देत पुढं गेला आणि वाट मोकळी केली. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालं. त्या दिवसानंतर मी डोझरला कधी कमी लेखलं नाही.

२००५ च्या ऑक्टोबरात काश्मीरला भूकंप झाला तेव्हा आम्ही तंगधारच्या रस्त्यावर होतो. दरडी खाली, रस्ता गेलेला, पलीकडं गावं अडकलेली. त्या वेळी सगळ्यांची नजर आमच्या मशीनवर होती.

आणि आज? आज माझ्याकडं एक जेसीबी आहे. पेन्शन आहेच, पण रोजची भाकरी त्या ट्रेडवर चालते. माझा तो दोस्त, ज्याला मराठा मिळाली, त्यानं माझ्यापेक्षा दहापट फौज बघितली. सियाचिन केलं, एलसीवर (नियंत्रण रेषेवर) रात्री काढल्या, दोन्ही गुडघे तिथं ठेवून आला. आता कोल्हापुरात एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतो. पेन्शन त्यालाही आहे, त्यामुळं ददात नाही. पण आमच्या दोघांच्या हातात जे पडलं त्यात केवढा फरक. आणि तो ठरवला एका चिठ्ठीनं.

पोरांनो, आता नीट ऐका. आमच्या वेळी चिठ्ठी चुकली तरी पंधरा वर्षांवर पेन्शन पक्की होती. तुम्हाला ती उसंत नाही. जून २०२२ पासून शिपाई, नौसैनिक, एअरमन ह्या जवळजवळ सगळ्या पदांची भरती अग्निवीर म्हणून होते. चार वर्षं. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले २१ हजार हातात, बाकी सेवानिधीत, म्हणजे सुटताना एकरकमी मिळणाऱ्या फंडात. चौथ्या वर्षी ४० हजार, हातात २८. सुटताना व्याजासह ११.७१ लाख असा सरकारनं जाहीर केलेला आकडा. पुढं कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. उरलेल्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, कँटीन नाही, ईसीएचएसचा (माजी सैनिकांसाठीचा) दवाखाना नाही, माजी सैनिक म्हणून दर्जाही नाही. ही योजना चांगली का वाईट यावर मला भांडायचं नाही, चावडीवर रोज भांडणं चालतातच. मी एवढंच म्हणतो, चारातले तीन जण तेवीस-चोवीस वर्षांचे होऊन गावच्या स्टँडवर उतरणार, हे धरून फॉर्म भरा. प्रत्येकाला वाटतं मी त्या पंचवीस टक्क्यांत. वाटावंही, त्याशिवाय ट्रेनिंगच्या शेवटच्या कसम परेडपर्यंत कुणी टिकत नाही. पण पर्याय हातात ठेवून वाटू दे.

म्हणून मी कुणालाही आधी विचारतो, तुला कुठलं काम येतं आणि कुठलं शिकायचंय? आर्मी, नेव्ही, एअरफोर्स हे नंतर.

आर्मीत रेजिमेंट निवडणं तुमच्या हातात फारसं नसतंच. मराठा द्या म्हणून मराठा मिळत नाही. जिथं जागा, तिथं रवानगी. तुमच्या हातात असतो तो फॉर्मवरचा खाना: जनरल ड्युटी (जीडी, साधा लढाऊ शिपाई), टेक्निकल, क्लार्क-स्टोअरकीपर, ट्रेड्समन. आणि ह्याच ठिकाणी आमच्या तालुक्यातली पोरं आंधळेपणानं वागतात. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेऊन चांगले मार्क पडलेला पोरगा जीडीचा फॉर्म भरतो. का? तर सोबतच्या चौघांनी जीडी भरला. जीडीला दहावीला ४५ टक्के लागतात. टेक्निकलला बारावी सायन्स नाहीतर दहावीवर आयटीआय किंवा डिप्लोमा लागतो, म्हणजे तिथं तुमच्याशी पळायला येणारी गर्दी आधीच गाळलेली असते, आणि सिग्नल, ईएमई (फौजेची यंत्रं-गाड्या दुरुस्त करणारे), इंजिनिअर्स असल्या ठिकाणी जायची वाट उघडते. बारावीला ६० टक्के आणि इंग्रजी-गणित बरं असेल तर क्लार्क. लोक हसतात क्लार्कला. हसू देत. ट्रेड्समनमध्ये कुक, धोबी, न्हावी ही कामं येतात, हे आधीच माहीत असू द्या. सेंटरला पोचल्यावर रडणारे मी बघितलेत. लाज वाटायची गरज नाही, उणे वीस डिग्रीत गरम डाळ देणारा लंगरचा कुक म्हणजे पलटणीचा जीव असतो. पण फसलो असं वाटून चार वर्षं काढू नका.

मग इन्फंट्रीत, म्हणजे पायदळात, जायचंच नाही का? असं मी कधीच म्हणणार नाही. फौज म्हणजे शेवटी इन्फंट्री, आम्ही बाकीचे सगळे तिच्यासाठी. पण त्यासाठी माणूस वेगळा लागतो. पाठीवर पिट्ठू घेऊन रात्रभर चालायचं, पहाटे थांबायचं, पुन्हा चालायचं, आणि हे करताना शेजारच्याला हसवायचं. माझा तो दोस्त आजही म्हणतो, पुन्हा जन्म मिळाला तर तीच पलटण. गुडघे दुखत असताना म्हणतो. ज्याला असं आतून वाटतं त्यानं माझी ही पोस्ट वाचूच नये, सरळ मैदानावर जावं.

नेव्हीचं मला मावसभावाकडून कळलेलं सांगतो. त्यानं पंधरा वर्षं काढली. त्याचं पहिलं वाक्य: "घरापासून लांब म्हणजे काय, ते किनारा दिसेनासा झाल्यावर कळतं." ओडिशात चिल्काला ट्रेनिंग, मग तुमच्या शाखेप्रमाणं पुढचं शिक्षण. इंजिनवाल्यांचं लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर, इलेक्ट्रिकलवाल्यांचं जामनगरला. जहाजावर झोपायला एक फळी, कपड्यांना एक छोटं कपाट, आणि वॉच, म्हणजे ड्युटीची पाळी, रात्री-अपरात्री. पहिल्या वेळी त्याला अशी बोट लागली की तीन दिवस तो पाणीसुद्धा पोटात ठेवू शकला नाही. ज्याला एसटीत आंबोली घाट उतरताना मळमळतं त्यानं हा विचार जरूर करावा, जरी बहुतेकांची सवय होऊन जाते. पण जहाज बंदरात असलं की नोकरी मुंबई, कोची, विशाखापट्टणम, कारवार असल्या ठिकाणी. बायकापोरांना क्वार्टर मिळालं तर शाळा, दवाखाना सगळं शहरातलं. आणि इंजिनरूममध्ये शिकलेला माणूस बाहेर उपाशी राहत नाही. आमच्या घाटावरच्या लोकांना समुद्र परका वाटतो म्हणून आम्ही नेव्ही बघतच नाही. कोकणातली पोरं बघतात.

एअरफोर्सचं थोडक्यात. अभ्यास करणाऱ्याची जागा आहे. परीक्षा घासूनपुसून घेतात, पळणं त्या मानानं सोपं. ट्रेनिंग बेळगावजवळ सांबऱ्याला, म्हणजे आमच्या गावाहून तालुक्याच्या ठिकाणी जावं तसं. राहणीमान तिन्हींत सगळ्यात बरं, असं आम्ही आर्मीवाले चिडून म्हणतो, आणि ते खरं आहे.

मुलींसाठी: आर्मीत अग्निवीर म्हणून फक्त मिलिटरी पोलिसात जागा आहेत आणि त्या थोड्या. नेव्ही आणि एअरफोर्सनं दार जास्त उघडलंय. चिल्क्याहून मार्च २०२३ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या अग्निवीर तुकडीत मुली होत्या. शेजारच्या गावातली एक जण तयारी करतेय, पळण्यात ती पोरांना मागं टाकते, तिला मी नेव्हीच सांगितलंय.

आणखी एक घोळ. बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ ही सेना नाही, ती गृहखात्याची दलं. गावात सगळ्यालाच मिलिटरी म्हणतात. तिथं नोकरी साठीपर्यंत असते, चार वर्षांची नाही. ज्याच्यावर घर अवलंबून आहे, बहिणीचं लग्न आहे, त्यानं त्यांची परीक्षाही द्यावी. मी सेनेचा माणूस असून हे सांगतो म्हणून आमचे काही जुने लोक माझ्यावर नाराज असतात.

आता खरं मनातलं. ह्या पोराला मी विचारलं, एनडीएचा, म्हणजे अधिकारी घडवणाऱ्या अॅकॅडमीचा, फॉर्म भरलास? तो माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी त्याला खासदारकीला उभं राहायला सांगतोय. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, बारावी, वर्षातून दोनदा यूपीएससीची परीक्षा. अॅकॅडमी खडकवासल्याला, आपल्याच महाराष्ट्रात, आणि आपल्याच खेड्यातल्या पोरांना ती आपल्यासाठी नाही असं वाटतं. चोवीस वर्षांत मी किती साहेब बघितले, त्यातले कित्येक हवालदाराची, सुभेदाराची पोरं. हरियाणा, उत्तराखंडात बाप पोराला सांगतो, मी सलाम ठोकला, तू घे. आम्ही सांगतो, भरतीला पळ. दहावीत कुणी धाकटा असेल तर त्याला छत्रपती संभाजीनगरच्या सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूटबद्दल सांगा. राज्य सरकारची संस्था, १९७७ पासून चालू, दहावीनंतर दोन वर्षं एनडीएची तयारी करून घेते. मुलींसाठी नाशिकला तशीच आहे. मला हे माझा पोरगा बारावी झाल्यावर कळलं. त्याचं दुःख अजून आहे.

पैशांचं बोलायचं तर एकच गोष्ट. दोन वर्षांपूर्वी माझ्या नात्यातल्या एकानं "आतून काम होतंय" म्हणणाऱ्याला जनावरं विकून पैसे दिले. पोरगा मैदानावर आपल्या पायांनी नापास झाला, पैसे गेले ते गेले. भरतीत आतून काही होत नाही. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, ती आता मराठीतूनही देता येते, मग पळणं, मग मेडिकल. पैसे मागणारा दिसला की त्याला चहासुद्धा पाजू नका.

आणि मेडिकल आधी स्वतः करून घ्या. वर्षभर पहाटे चारला उठून पळालेला पोरगा रंग ओळखता येत नाहीत म्हणून बाहेर पडतो आणि ते त्याला तिथंच पहिल्यांदा कळतं. सपाट तळवे, गुडघे एकमेकांना लागणं, कानातला मळ, पायावरच्या फुगलेल्या शिरा. गडहिंग्लजला डोळ्यांच्या डॉक्टरकडं दहा मिनिटांत रंगांची चाचणी होते. दंडावर, छातीवर मोठा टॅटू काढायच्या आधी तर माझ्याकडं याच.

तो पोरगा तासभर बसला. जाताना म्हणाला, मग मेजर, मी काय भरू? मी म्हटलं, एनडीए भर, टेक्निकल भर, नेव्हीचा भर, आणि उद्या आधी डोळे तपासून ये. त्याची आई दारात उभी होती, ती एवढंच म्हणाली, "सुट्टी किती असते ओ?" वर्षाला तीस दिवस, मी सांगितलं. ती काही बोलली नाही.

ज्यांना फॉर्मचं विचारायचंय त्यांनी संध्याकाळी सातनंतर घरी या. दिवसा मी मशीनवर असतो, फोन ऐकू येत नाही.