तुरळच्या कढत पाण्यावर दिवे लागतील?

फोंड्यात लाइट गेली की रस-ऑम्लेटच्या गाड्यापाशी विजेचा विषय निघतोच.

दत्ताराम : आपण गोव्यात वीज बाहेरून घेतो, आणि वर संगमेश्वराकडे तुरळ-राजवाडीला कढत पाणी फुकट वाहतंय. टर्बाइन बसवा की!

उल्हास : फिरवणार कशावर? पाणी साठ अंशांच्या आसपास. इटलीत लार्डेरेलोला जमिनीतून वाफच येते, म्हणून १९१३ साली २५० किलोवॉटचं केंद्र चाललं. न्यूझीलंडला वैराकेईत खाली पाणी दोनशेच्या वर, दाबामुळे उकळत नाही इतकंच. दाब उतरवला की वाफ सुटते. तीही किती? २४० अंशांचं पाणी वाफ वेगळी करणाऱ्या टाकीत, सेपरेटरमध्ये, ६ बार दाबाला सोडलं, तर वजनाने १७-१८ टक्के. उरलेलं पाणी परत जमिनीत.

दत्ताराम : परत कशाला? उगाच खर्च.

प्रेमानंद : कॅलिफोर्नियात ‘द गीझर्स’ नावाच्या जागी जमिनीतल्या वाफेवर वीज काढतात. तिथे नुसतं उपसत राहिले आणि वाफेचा दाब घसरला. आता गावांचं सांडपाणी शुद्ध करून, पाइपने आणून खाली सोडतात. त्यात सिलिकाची कटकट, म्हणजे खडकातून पाण्यात विरघळलेलं वाळूचं द्रव्य. पाणी फार निवलं की ती सुटते आणि परतीच्या विहिरीत थर धरते. मग पाणी गरमच सोडा, नाहीतर आम्ल घालून पीएच उतरवा.

दत्ताराम : अरे, अलास्कात चेनाला ७४ अंशांवर वीज काढतात!

उल्हास : काढतात. गरम पाण्यावर रेफ्रिजरंट, म्हणजे फ्रिजमधल्यासारखं कमी तापमानाला उकळणारं द्रव, उकळतं, त्याची वाफ टर्बाइन फिरवते, कंडेन्सरमध्ये तिचं पुन्हा द्रव होतं. पण कंडेन्सरला पाणी मिळतं चार अंशांचं! आपल्याकडे मे महिन्यात तीसचं. सगळा खेळ त्या फरकाचा. सेकंदाला १० लिटर पाणी साठावरून पंचेचाळीसवर आणलंस, तर उष्णता मिळेल सव्वासहाशे किलोवॉट. त्यातली तीन टक्केच विजेत बदलते असं धर, वीज एकोणीस किलोवॉट. त्यातून पंप आणि कूलिंग टॉवरचे पंखे वजा कर.

दत्ताराम : मग खोल खणा.

प्रेमानंद : साधारण किलोमीटरमागे २५-३० अंश वाढतात. दीडशे अंश हवे तर चार-पाच किलोमीटर, आणि तिथे भेगांतून पाणी खेळतं असलं पाहिजे. नसेल तर दाबाने पाणी घुसवून खडक फोडायचा. स्वित्झर्लंडात बाझेलला २००६ साली तेच करताना ३.४ चा भूकंप झाला, काम थांबलं.

उल्हास : वीज हवीच कशाला? त्याच पाण्यावर हवा ४५-५० अंशांपर्यंत तापवून पावसाळ्यात मासळी सुकव.

दत्ताराम : आणि पंखा कशावर फिरवू?

प्रेमानंद : सोलरवर.

उल्हास : पावसाळ्यात?