‘सहीचा कागद केला की डॉक्टर सोडवतात’ : एका संदेशाचा प्रतिवाद

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : सर्वोच्च न्यायालयाने इच्छामरण मंजूर केले आहे, पाचशेच्या स्टॅम्पवर लिव्हिंग विल (पुढे शुद्ध नसताना कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद) केले की असाध्य आजाराच्या रुग्णाला डॉक्टर एका इंजेक्शनने सोडवू शकतात, गोठ्यातल्या जनावरालाही आपण तडफडत ठेवत नाही, मग माणसाला का, परदेशात ही सोय असल्याने तिथे कोणी वेदनेने मरत नाही, विनोबांनीही हाच मार्ग पत्करला, आणि याला विरोध होतो तो केवळ धर्माच्या नावाने. अमळनेरला वकिली आणि नोटरीचे काम करत असल्यामुळे हा संदेश मोबाइलवर उघडून ‘साहेब, असा कागद करून द्या’ म्हणणारी माणसे माझ्यासमोर येऊन बसतात. संदेश लिहिणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे किंवा अर्धवट आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी जे मान्य केले ते एवढेच : सन्मानाने मरण्याचा अधिकार हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या अधिकाराचाच भाग आहे, आणि म्हणून बरे होण्याची आशा उरली नसेल तेव्हा केवळ श्वास लांबवणारे उपचार थांबवता येतात किंवा ते सुरूच न करण्याचा निर्णय घेता येतो. व्हेंटिलेटर काढणे या निकालात बसते. प्राण घेणारे इंजेक्शन बसत नाही. ते देणाऱ्या डॉक्टरवर आजही खुनाचा गुन्हा दाखल होईल. रुग्ण सज्ञान असून त्याने स्वतः संमती दिली होती हे सिद्ध झाले, तरी भारतीय न्याय संहितेनुसार खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरेल, म्हणजे गुन्ह्याची पायरी उतरेल, गुन्हा पुसला जाणार नाही. रुग्णाच्या हाती औषध देऊन बाजूला होणाऱ्यासाठी आत्महत्येला साहाय्य केल्याचे कलम १०८ आहेच.

स्टॅम्पच्या किमतीवर तर काहीच अवलंबून नाही. लिव्हिंग विल शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाने स्वखुशीने लिहायचे असते, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि २४ जानेवारी २०२३ च्या सुधारित आदेशापासून न्यायदंडाधिकाऱ्यांऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येते. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये असे अधिकारी नेमले आहेत. मात्र हा कागद जागा होतो तो रुग्ण असाध्य अवस्थेत असून स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तेव्हाच. मग रुग्णालयातील तीन डॉक्टरांचे प्राथमिक मंडळ मत देते, त्यानंतर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असलेले दुसरे मंडळ ते तपासते, आणि अंमल करण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. मुलाने सकाळी कागद आणला आणि संध्याकाळी बाप सुटला, असे यात कुठेही घडू शकत नाही.

जनावराच्या दाखल्याने लोकांचे मन सगळ्यात लवकर वळते, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. बैलाच्या बाबतीत निर्णय मालकाचा असतो, बैलाला कोणी विचारत नाही. माणसाच्या बाबतीत सगळा प्रश्न त्याला विचारण्याचाच आहे, आणि ते विचारणे किती अवघड असते याचा अनुभव मला नोटरीच्या टेबलावर येतो. तोंडाचा कर्करोग झालेल्या एका वृद्धाला त्याचा मुलगा घेऊन आला होता. प्रश्न मी म्हाताऱ्याला विचारत होतो आणि उत्तरे मुलगा देत होता. आधार कार्डाची झेरॉक्स काढून आणायला म्हणून मी मुलाला खाली पाठवले, तेव्हा तोंडाला लावलेला गमछा किंचित बाजूला करून म्हातारा अडखळत म्हणाला, ‘मनामुये पोऱ्याले करज व्हई गये, आते सोडा माले.’ (माझ्यामुळे पोराला कर्ज झाले, आता सोडा मला.) त्याने वेदनेचा उल्लेखही केला नाही. महात्मा फुले योजनेतून उपचाराचा मोठा खर्च निघाला, तरी मुंबईत परळच्या कर्करोग रुग्णालयात जाण्या-येण्याचे भाडे, तिथले राहणे आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी कोणत्याच योजनेत बसत नाही. कागदावर मला ‘स्वखुशीने’ हा शब्द लिहायचा होता. त्या दिवशी मी सही-शिक्का केला नाही. मुलगा वाईट होता असे मुळीच नव्हे, उलट बापासाठी त्याने शेत गहाण टाकले होते.

वेदनेचे म्हणाल, तर ती पुष्कळ अंशी आटोक्यात आणणारे औषध जुने आणि स्वस्त आहे. मॉर्फीनची तोंडाने घ्यायची गोळी कर्करोगाच्या तीव्र वेदनांवर जगभर वापरली जाते, आणि २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवणे सोपे झाले. तरीही गावातल्या मेडिकलवर ती मिळत नाही आणि घरी परतलेल्या रुग्णाच्या उशाशी बहुधा साध्या गोळ्यांचीच पाकिटे दिसतात. ‘आता घरी न्या, सेवा करा’ असे सांगून मोठ्या रुग्णालयातून पाठवलेला माणूस भुसावळला उतरल्यावर ती सेवा कोणी करायची आणि कशाने करायची, हे फारच थोड्यांना सांगितलेले असते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर तर हा प्रश्न विचारायलाही कोणी नसते. त्यात संदेशामुळे नवीच भीती पसरली आहे : मॉर्फीन म्हणजेच ते सोडवणारे इंजेक्शन, असे समजून काही घरांत लिहून दिलेली गोळीही टाळली जाते. डॉक्टरांनी मात्रा हळूहळू वाढवत दिलेले मॉर्फीन वेदना कमी करते. ते देणे कायदेशीर आहे आणि ते मागणे हा रुग्णाचा हक्क आहे.

परदेशाचा हवालाही तपासून घ्यावा लागतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात मरणासन्न रुग्णाला प्राण घेणारे औषध लिहून देण्याची मुभा देणारा कायदा १९९७ पासून लागू आहे. तिथे सहा महिन्यांच्या आत मृत्यू संभवतो असे दोन डॉक्टरांनी ठरवल्यावर औषध मिळते, आणि ते रुग्णाने स्वतःच घ्यायचे असते. तिथल्या वार्षिक अहवालांत रुग्णांनी सांगितलेल्या कारणांत स्वतःच्या आयुष्यावरचा ताबा सुटणे आणि आवडीचे काही करता न येणे ही वर असतात; वेदना किंवा तिची भीती खाली असते. औषध लिहून घेतलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक ते घेतही नाहीत. बहुतेकांना त्याआधीपासून घरपोच शुश्रूषा मिळत असते, आणि संदेशात नेमका हाच भाग गाळला आहे. कॅनडाने २०१६ मध्ये कायदा केला आणि २०२१ मध्ये मृत्यू जवळ नसलेल्या रुग्णांनाही त्यात आणले. तेव्हापासून तिथल्या अपंगांच्या संघटना त्याला कडाडून विरोध करत आहेत, कारण मदतनीस आणि घर मिळण्याआधी मरणाची परवानगी मिळते, असे त्यांचे म्हणणे आहे. या आक्षेपाचा धर्माशी काही संबंध नाही, तेव्हा विरोधकांविषयीचे विधानही इथेच निकालात निघते.

विनोबांचे नाव खान्देशात घेतले की माणूस ऐकतोच. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. पण नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला त्यांनी अन्न आणि औषध नाकारले. कोणाकडून मृत्यू मागून घेतला नाही. त्यांचे उदाहरण द्यायचेच असेल तर ते उपचार नाकारण्याच्या अधिकाराच्या बाजूने द्यावे, इंजेक्शनच्या बाजूने नव्हे.

असे असले, तरी संदेशाच्या मुळाशी एक खरा प्रश्न आहे. व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाला कायदा वाट करून देतो. परंतु ज्याचे स्नायू दिवसेंदिवस निकामी होत आहेत, जो पूर्ण शुद्धीवर आहे आणि ज्याचे काढून घेण्यासारखे कोणतेच यंत्र नाही, त्याला मात्र सांगण्यासारखे कायद्याकडे काही नाही. उत्तम शुश्रूषेनंतरही न शमणारी काही दुखणी असतात, हेही मान्य करावे लागते. अशा मोजक्या रुग्णांसाठी कडक अटींचा कायदा असावा या मताकडे मी स्वतः झुकतो, आणि तो संसदेनेच करायला हवा. मात्र त्या कायद्यात रुग्णाला एकट्याने बोलण्याची संधी आणि त्याच्या डोक्यावरच्या कर्जाची विचारपूस, या दोन गोष्टी डॉक्टरांच्या मंडळाच्याही आधी याव्यात.