खोट्या कुड्यांनी कान सुजतो, म्हणून गुडघ्याची वाटी नको?

कुडाळ-सावंतवाडीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: "खोट्या दागिन्यांनी खाज येणाऱ्यांनी शरीरात रॉड, वाटी, स्टेंट बसवू नये. कोकणच्या खाऱ्या हवेने धातू आतून गंजतो आणि विष अंगभर पसरतं. बसवला असेल तर वर्षाच्या आत काढा. बसवायचाच असेल तर टायटॅनियमच मागा, त्याची ॲलर्जी कुणालाच होत नाही." माझं औषधांचं दुकान आहे. "ह्यो रॉड आता काढूक व्हयो काय ओ?" असं विचारणारी माणसं गल्ल्याशी यायला लागली, म्हणून हे लिहितोय.

आधी गंज. हवेतला खार हाडापर्यंत पोचत नाही, आणि रक्त मुळातच खारट आहे. सलाइनमध्ये ०.९ टक्के मीठ असतं ते त्याच्याशी जुळावं म्हणूनच. रॉड-प्लेटचं ३१६ एल नावाचं स्टेनलेस स्टील अशा खाऱ्या ओलीत टिकावं म्हणून निवडलेलं असतं. त्यातल्या क्रोमियममुळे वर ऑक्साइडचा पातळ थर धरतो, ओरखडा गेला तरी पुन्हा धरतो. धातूचे थोडे आयन (विद्युतभारित सूक्ष्म कण) सुटतात, प्लेट आणि स्क्रू घासतात तिथे जरा जास्त, एवढं खरं. धातूवर धातू घासणाऱ्या काही कृत्रिम खुब्यांनी तर खरोखरच त्रास दिला; २०१० मध्ये एका मोठ्या कंपनीला असे खुबे जगभरातून परत मागवावे लागले. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यात (लोक त्यालाच वाटी म्हणतात) मात्र दोन धातूंच्या मध्ये प्लास्टिकची गादी असते.

दागिन्यांची गोष्ट अर्धी खरी आहे. बेंटेक्सच्या कुड्या, जीन्सचं बटण, पट्ट्याचा बक्कल यांतलं निकेल घामात विरघळतं, कातडीत शिरतं आणि तिथल्या टी-पेशी (शरीराच्या संरक्षणाच्या पेशी) एक-दोन दिवसांनी खाज, पुरळ, लस उभी करतात. आपल्या दमट हवेत घामाला तोटा नाही. स्टीलच्या रॉडमध्येही दहा टक्क्यांहून जास्त निकेल असतं, पण ते मिश्रधातूत घट्ट धरलेलं. गुडघ्यासाठी नेहमी वापरतात त्या कोबाल्ट-क्रोमियममध्ये ते साधारण एक टक्क्याहूनही कमी. डेन्मार्कमध्ये गुडघेबदलाच्या नोंदी आणि ॲलर्जीच्या तपासण्या जोडून पाहिल्या, तेव्हा धातूची ॲलर्जी असलेल्यांचे गुडघे एरवी जास्त वेळा बदलावे लागले असं दिसलं नाही. दोन किंवा अधिक वेळा गुडघा बदलावा लागलेल्यांत मात्र ही ॲलर्जी जास्त आढळली. म्हणजे प्रश्न अगदीच काल्पनिक नाही. तो थोड्यांचा आहे.

मला खरी काळजी वाटते ती पायावर काही उठलं की "रॉड बाधला" म्हणून मोकळं होण्याची. पावसाळ्यात दुकानात दाखवले जाणारे बहुतेक चट्टे गजकर्णाचे असतात, आणि शेजाऱ्याने दिलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने ते आणखी पसरलेले असतात. कुणी दुखऱ्या सांध्यावर बिब्बा घातलेला असतो. त्याने फोड येणारच, आत रॉड असो वा नसो. काजूच्या टरफलाचं तेल त्याच कुळातलं. टाक्यांवरची चिकटपट्टी किंवा निओमायसिन या प्रतिजैविकाचं मलम यांचीही ॲलर्जी होते. आणि सांधा लाल, गरम झाला, पू आला, ताप आला, तर आधी जंतुसंसर्गाचा विचार करायचा. ते ॲलर्जी समजून घरी गोळ्या खात बसलात तर वाटी हातची जाईल. या साऱ्या शक्यता तपासून झाल्यावर मग धातूवर संशय घ्यायचा.

"वर्षाच्या आत काढा" याला आधार नाही. हाड जुळण्याआधी रॉड काढला तर ते पुन्हा मोडू शकतं. जुळल्यावरही त्रास नसेल तर मोठ्या माणसांत बहुधा तो तसाच राहू देतात. वाटी तर नुसती काढताच येत नाही, जागी दुसरी बसवावी लागते. आणि हार्ट अटॅक आलेल्या माणसाला कुड्यांच्या खाजेपायी स्टेंट नाकारायला सांगणाऱ्याला काय म्हणावं?

टायटॅनियमची ॲलर्जी फार विरळ, पण "कुणालाच नाही" हे खोटं. शिवाय तो घासला की झिजतो, म्हणून मांडीच्या हाडावरचा भाग सहसा निव्वळ टायटॅनियमचा करत नाहीत. त्याऐवजी लेप दिलेला धातू किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियम वापरतात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमियमची ५४,७२० रुपये होती आणि टायटॅनियम-झिर्कोनियमची ७६,६००, वर जीएसटी. गरज नसताना हा फरक कशाला भरायचा?

दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने कातडी सोलवटून निघण्याइतका त्रास झाला असेल, तर ते ऑपरेशनआधी डॉक्टरांना सांगा. गरज वाटली तर ते त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्टला (कशाची ॲलर्जी आहे ते कातडीवर पाहायची तपासणी) पाठवतील. पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या ४८ तास भिजू द्यायच्या नसतात, नंतरही एक-दोनदा पाठ दाखवायला जावं लागतं. घामाने पट्ट्या सुटतात, तेव्हा घाई नसेल तर आमच्याकडच्यांनी हे काम थंडीत उरकावं.