दुसरं प्रकरण आणि पन्नास नोंदी: जालन्याच्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली असली तरी मुद्द्याला धरून आहे, म्हणून दोन ओळींत उरकत नाही. 'संदर्भ साहित्याचा आढावा (म्हणजे प्रबंधाचं दुसरं प्रकरण) ही अभ्यासकांची यादी नव्हे' असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता: मार्गदर्शकच 'भारतातील अभ्यास' आणि 'परदेशातील अभ्यास' असे दोन भाग पाडून किमान पन्नास नोंदी मागतात, जालन्यात बसून महागडी नियतकालिकं मिळत नाहीत, मराठीत संदर्भ नाहीत, आणि नोकरी-घर सांभाळून पीएच.डी. करणाऱ्या बाईला असले उपदेश परवडत नाहीत. तुमचा विषय 'रोजगार हमी आणि ग्रामीण महिला' आहे हे सांगितलंत, ते बरं केलंत. त्याच विषयावर बोलू.

मार्गदर्शकांनी दिलेला साचा तुम्हाला बदलता येणार नाही, हे मान्य. तो बदला असं माझं म्हणणंही नाही. दोन्ही शीर्षकं राहू द्या, पन्नास नोंदींचा तक्ता करून परिशिष्टात जोडा. पण शीर्षकाखालचा परिच्छेद अभ्यासकाच्या नावाने सुरू करायचा की प्रश्नाने, हे कोणताही साचा ठरवत नाही. ते तुमच्याच हातात आहे.

बहुतेक प्रबंधांत काय असतं? 'दांडेकर व साठे (1980) यांनी रोजगार हमी योजनेचा अभ्यास केला.' खाली पाच ओळी. मग 'हेरिंग व एडवर्ड्स (1983) यांनी अभ्यास केला.' आणखी पाच ओळी. मग 'रॅव्हेलियन, दत्त व चौधुरी (1993)'. तिघांची नावं आली, सालं आली, पण त्यांचा एकमेकांशी संबंध काय ते वाचणाऱ्याला कळत नाही.

संबंध आहे, आणि चांगला खडाजंगीचा आहे. कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी रोहयोच्या, म्हणजे मागेल त्याला काम देणाऱ्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेच्या, मजुरांची पाहणी केली. कामावर येणारे बहुतांशी गरीबच होते आणि त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. म्हणजे योजना ज्यांच्यासाठी होती त्यांच्यापर्यंत पोचत होती. हेरिंग आणि एडवर्ड्स विचारतात: मजुराला मजुरी मिळाली, पण कामातून जे उभं राहिलं ते कोणाच्या उपयोगाचं? पाझर तलावाचं पाणी ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्याच विहिरीला लागतं. शिवाय योजनेच्या पैशाचा मोठा भाग शहरांतून येणार. (1975 चा व्यवसाय कर याच योजनेसाठी बसवला गेला. नियमित पगार घेणाऱ्या प्राध्यापकांच्या पगारपत्रकात ती कपात आजही असते, आणि ती कशासाठी सुरू झाली हे फार थोड्यांना माहीत असतं.) रॅव्हेलियन आणि सहकारी तिसऱ्याच बाजूने येतात. 1988 मध्ये किमान वेतनाबरोबर रोहयोची मजुरीही दुप्पट झाली. त्यानंतर कामावरची हजेरी घटली. मजुरी वाढली, पण मागेल त्याला काम मिळण्याची हमी ढिली पडली, असा त्यांचा निष्कर्ष.

आता हेच आढाव्यात असं येईल: 'रोहयोच्या मजुरांत गरिबांचा भरणा होता, असं सुरुवातीची पाहणी दाखवते (दांडेकर व साठे, 1980), परंतु त्या कामांचा कायमचा लाभ कोणाला झाला (हेरिंग व एडवर्ड्स, 1983) आणि मजुरी वाढल्यावर हमी कितपत टिकली (रॅव्हेलियन व इतर, 1993), यांवर पुढच्या अभ्यासकांनी गंभीर प्रश्न उभे केले.' एका वाक्यात तिघे आले आणि वाद कशावर आहे तेही आलं. पुढचे तीन परिच्छेद तीन प्रश्नांचे: योजना कोणापर्यंत पोचली, कायमचा लाभ कोणाला झाला, हमी कितपत टिकली. ज्या अभ्यासाचं जे म्हणणं, ते त्या प्रश्नाखाली. एकच अभ्यास दोन ठिकाणी आला तरी चालतो.

यातूनच संशोधनातली उणीव सापडते, आणि इथे मला थोडं कडक बोलायचं आहे. 'जालना जिल्ह्यात असा अभ्यास झालेला नाही' हे उणीव म्हणून लिहू नका. तसा तो शेकडो जिल्ह्यांत झालेला नसेल. उणीव प्रश्नातली दाखवायची असते. तुमच्या विषयात ती समोरच आहे. राज्याच्या जुन्या योजनेत, म्हणजे 1977 च्या कायद्यात, कामाचा हक्क प्रत्येक प्रौढ व्यक्तीला होता आणि दिवसांची मर्यादा नव्हती. केंद्राच्या 2005 च्या कायद्याने (मनरेगाने) हमी दिली ती कुटुंबाला, वर्षाला शंभर दिवसांची. मग घरातले ते शंभर दिवस कोणाच्या वाट्याला आले? नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बाईचं जॉब कार्ड कोणाच्या कुटुंबात धरलं गेलं? 1980 च्या सुमारास बायकांबद्दल काढलेले निष्कर्ष जसेच्या तसे पुढे आणता येत नाहीत, कारण हक्काचा धनीच बदलला आहे. (त्या कायद्याखाली शंभर दिवसांपुढचा खर्च महाराष्ट्रात राज्याने उचलला, तेही नोंदवा, तुमच्या मुलाखतींत ते येईलच.) जालना का निवडला, ते या प्रश्नानंतर सांगा.

महागड्या नियतकालिकांचं म्हणाल, तर दांडेकर-साठे यांचा लेख 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला होता. तिचे जुने अंक जेस्टोर या ऑनलाइन संग्रहावर आहेत आणि तिथे मोफत खातं उघडून ठरावीक संख्येने लेख वाचता येतात. गूगल स्कॉलरवर हेरिंग-एडवर्ड्स यांचा 1983 चा लेख शोधा आणि खालच्या 'सायटेड बाय'वर क्लिक करा: त्याच्यानंतर त्याचा आधार घेऊन कोणी कोणी लिहिलं ते सगळं समोर येतं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेचा शोधगंगा हा प्रबंधांचा संग्रह तर पूर्ण मोफत, त्यात मराठी प्रबंधही आहेत. मात्र शोधगंगेवरच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण उचलून आपल्यात आणू नका. एकाने चुकवलेलं साल पुढच्यांच्या प्रबंधांतही तसंच चुकत जातं. शिवाय यूजीसीच्या 2018 च्या नियमांत दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्याची मर्यादा दहा टक्के आहे, आणि गोषवारे चिकटवून केलेली यादी ती पहिल्यांदा ओलांडते.

मराठीत संदर्भ नाहीत, हे मात्र मला अजिबात पटत नाही. 'अर्थबोधपत्रिका' आणि 'समाज प्रबोधन पत्रिका' यांचे जुने अंक चाळा. विधिमंडळातल्या चर्चा काढा. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचा तासगाव भागातला प्रयोग हा या योजनेचा उगम. तो मराठी कागदपत्रांतून जसा कळतो तसा इंग्रजी लेखांतून कळत नाही. इथे तुम्हाला पुण्या-मुंबईच्या, परदेशातल्या अभ्यासकांपेक्षा जास्त सोयीचं आहे, कमी नाही.

वेळेबद्दल: एक एक्सेल तक्ता करा. कोणी, कुठे, कोणत्या वर्षांची माहिती, कशी गोळा केली, काय सापडलं, कोणाशी पटत नाही. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर तो लेख पुन्हा उघडा. रोज एक ओळ भरली तरी पन्नास नोंदी दोन महिन्यांत होतात, आणि तो तक्ता मार्गदर्शकांपुढे ठेवायलाही तयार.

'कुठे थांबायचं?' असं तुम्ही शेवटी विचारलंय. नवीन लेखाच्या संदर्भसूचीत तुम्ही न वाचलेलं महत्त्वाचं नाव सापडेनासं झालं की थांबायचं. तोवर वरच्या तीनपैकी एका प्रश्नावर एक परिच्छेद लिहा आणि इथेच खाली टाका. मी वाचून उत्तर देतो.